गोऱ्ह्याचं कपाळ आणि नवे लांब फोन

"डाग! कपाळाच्या मधोमध डाग! काळा कुळकुळीत! सूनबाई, भाईर या! काय केलं तुमी मह्या गोऱ्ह्याला?"

अंगणातून माझे सासरे ओरडत होते. मी त्यांना मामा म्हणते. मामांचा आवाज कसा आहे ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. पेडगावात आमचं घर रेल्वेरुळापासून चांगलं लांब आहे, तरी त्या सकाळी जाणाऱ्या मालगाडीच्या ड्रायव्हरने दचकून ब्रेक दाबला, असं लोक सांगतात. म्हणजे आधी मी एकटीच सांगत होते, पण आता बरेच जण सांगायला लागलेत.

मी लॅपटॉप मांडीवरून उतरवून बाहेर आले. मामा दावणीपाशी उभे होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात गोऱ्ह्याची वेसण, आणि त्याच्या नाकाला नाक लावून ते त्याचं कपाळ तपासत होते. गोऱ्हा डोळे मिटून रवंथ करत होता. शिंगांच्या बुडापासून नाकपुडीपर्यंत तो नुसता लाल, भट्टीतून आत्ताच काढलेल्या विटेसारखा. डाग सोडा, दुसऱ्या रंगाचा एक केस शोधून दाखवणाऱ्याला मी माझा लॅपटॉप चार्जरसकट द्यायला तयार होते.

"कुठंय डाग, मामा?"

"मलाच इचारायल्या? बोरीच्या पाव्हण्याचा फोन आलता. म्हणले, तुमच्या सुनेनं केलेल्या ॲपात पयल्याच चित्रात गोऱ्ह्याच्या कपाळावर उडदाएवढा काळा डाग हाय. लाल कंधारीला काळा डाग म्हंजी भेसळ. आमाला नको म्हणले. बिलकुल नको."

ओसरीवर माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगून टाकलं, "मग सोमवारी डॉक्टरला बोलवा. लय झाले लाड."

हे ऐकल्यावर मामांचा चेहरा असा झाला, की डॉक्टर जणू त्यांच्यासाठीच खच्ची करायचा चिमटा घेऊन येणार आहे.

गोऱ्हा घरच्याच गाईचा. अडीच वर्षांचा झाला तरी मामांनी त्याला खच्ची करू दिलं नव्हतं. एवढं चोख रूप औताला जुंपून वाया घालवायचं नाही, याला वळू म्हणूनच चांगल्या गोठ्यात द्यायचा, हा त्यांचा हट्ट. गोऱ्ह्याने मात्र तोवर तीन दावी तोडली, शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये दोनदा मुक्काम केला, आणि एकदा तर गावात आलेल्या कुणाच्या तरी मोटारसायकलीला शिंग लावून ती गटारीत नेऊन बसवली. तेव्हा आत्याबाईंनी निकाल दिला होता. "घरात एक हाय तेवढा बास. दुसऱ्याला सोमवारपस्तोर गिऱ्हाईक बघा, न्हाईतर चिमटा."

गिऱ्हाईक एकच होतं. बोरीचे पाहुणे. त्यांच्याकडे लाल कंधारी जातीच्या गाईंचा मोठा गोठा, आणि रंगाच्या बाबतीत गडी असा काटेकोर की माझ्या लग्नात माझी जेवढी चौकशी झाली नाही तेवढी त्यांनी गोऱ्ह्याची केली होती. आई कोण, आजी कोण, मामा कुठले, सगळं विचारून झालं होतं. मंगळवारी बोली पक्की व्हायची होती. आणि मंगळवारीच हा डाग उपटला.

आता माझा यात काय संबंध, ते सांगते. मी घरी बसून ॲपं बनवते. पोटापाण्याचं काम लांबच्या एका कंपनीचं, आणि हौसेचं काम आमच्याकडच्या जनावरं पाळणाऱ्यांचं. या लोकांना जनावरांचे फोटो टाकून खरेदी-विक्री करायला मी एक छोटं ॲप करून दिलं होतं. ॲप उघडल्यावर आतली सामग्री जमा व्हायला दोन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पडद्यावर जे चित्र दिसतं, त्याला आमच्या धंद्यात स्प्लॅश स्क्रीन म्हणतात. मामा त्याला 'पयलं चित्र' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मामांचाच शब्द बरा आहे.

या पहिल्या चित्रात कोण असावं, यावर केवढी चढाओढ! एकाला त्याची म्हैस हवी, एकाला शेळी हवी, एका गड्याने तर जनावर बाजूला ठेवून स्वतःचाच फोटो पाठवला, गॉगल घालून. मी आमचा गोऱ्हा टाकला. फोटो चांगला होता हे एक कारण. मला दोन वेळा याच घरात जेवायचं असतं, हे दुसरं.

पहिल्यांदा एकच चित्र सगळ्या फोनांना पुरत होतं. पण पुढे फोन वाढायला लागले. पाटीसारखे होते ते पडवळासारखे लांब झाले. जिंतूरच्या एका व्यापाऱ्याने तर घडीचा फोन आणला. उघडला की पोळपाट, मिटला की लाटणं. जुनं चित्र या पडवळावर टाकलं की गोऱ्हा ताणून जिराफ व्हायचा, आणि पोळपाटावर टाकलं की दाबून डुक्कर व्हायचा. जिराफ बघून एकाने मला विचारलंही होतं, ही कुठली नवी जात काढली म्हणून. मग प्रत्येक मापाला वेगळं चित्र बसवणं आलं.

लांब फोनांचं चित्र बसवत होते तेव्हा मामा शेजारी पाट घेऊन बसले होते. उंची वाढल्यामुळे गोऱ्ह्याच्या डोक्यावर बरंच आभाळ उरत होतं.

"एवढं आभाळ कामून दाखवायल्या?" मामा म्हणाले. "आभाळ इकायचंय का आपल्याला? गोऱ्हा वर घ्या."

मी वर घेतला.

"आणिक घ्या. मोठ्ठा करा."

मी मोठा केला. शिंगं पडद्याच्या वर निघून गेली आणि कपाळ थेट वरच्या काठाला टेकलं. मामांनी मांडीवर थाप मारली. "हां! आता कसा रुबाब दिसायलाय!"

मी ते चित्र तपासलं संगणकातल्या खोट्या फोनवर. आमच्या धंद्यात असे खोटे फोन असतात, खऱ्या फोनासारखे वागतात, फक्त हातात धरता येत नाहीत. माझ्या त्या खोट्या फोनला एक गोष्ट नव्हती, जी नव्या खऱ्या फोनला असते. पडद्याच्या वरच्या काठाला, अगदी मधोमध, कॅमेऱ्याचं काळं गोल भोक. उडदाएवढं.

हे मला त्या सकाळी अंगणात एकदम उमगलं आणि मी हसले. तिथं माझं चुकलं.

"हसायल्या?" मामांचा आवाज आणखी चढला. मालगाडी तोवर मानवतच्या पुढं गेली असणार, नाहीतर काही खरं नव्हतं.

"मामा, तो डाग नाही. कॅमेरा आहे."

"कुणाच्या कपाळात?"

"फोनच्या."

"फोनला कपाळ असतंय का?"

दाखवावं तर मामांचा फोन जुना, माझाही जुना. आमच्या दोन्ही फोनांचे कॅमेरे पडद्याच्या बाहेर, वरच्या पट्टीत. सगळ्या तालुक्याच्या फोनांची मापं घेत बसणारी मी, आणि घरात एक नवा फोन नाही. मी बोरीला फोन लावला आणि मामांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. ते तसंही अनावश्यक होतं, कारण बोरीचे पाहुणेही मामांच्याच तोडीचे निघाले.

"काका, तो डाग गोऱ्ह्यावर नाही. तुमच्या फोनवर आहे."

"मह्या फोनवर? परवाच घेतलाय, बाई. वरून काच लावलीय, मागून कवर लावलंय. त्याला डाग कसा पडंल?"

"तिथं कॅमेऱ्याचं भोक आहे. गोऱ्ह्याचं कपाळ नेमकं त्याच्याखाली आलंय."

"असं? मग आत तुमी गोऱ्ह्याचे सात फोटू टाकलेत, त्यात कामून डाग न्हाई?"

"आतले फोटो त्या भोकाच्या खालपासून सुरू होतात, काका."

मला वाटलं पटलं. मग ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बगा, बाई. आतले फोटू माणूस निवांत बघत बसतो. म्हणून ते तुमी पुसून घेतले. पयलं चित्र दोनच सेकंद दिसून गायब होतंय. तितं पुसायचं राहून गेलं तुमचं. मी शंभर बार उघडून बघितलंय ते. अन् खरा माल असता तर दोन सेकंदात झाकला कामून असता?"

फोन ठेवला. मामा माझ्याकडे बघत होते. आणि काय सांगू, त्या क्षणाला मलाही वाटलं, की गड्याचं बरोबर आहे. कुठल्याही कोर्टात उभी राहिले असते तरी मी हरले असते.

पण मी हार मानणाऱ्यातली नाही, हे माझ्या माहेरच्यांना विचारा. तो दिवस आणि पुढचे दोन दिवस मी ताटावरून उठले ती लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून उठले ती ताटावर. सगळी चित्रं नव्याने बसवली. लांब फोनांचं वेगळं, त्याहून लांबांचं वेगळं, पोळपाटाचं वेगळं, लाटण्याचं वेगळं, आडव्या टॅबचं वेगळं. अशी चौदा मापं झाली. प्रत्येकात गोऱ्हा खाली आणला, डोक्यावर शिंगं दिसतील एवढी जागा सोडली, भोकाच्या वाटेला फक्त आभाळ ठेवलं. शुक्रवारी संध्याकाळी नवं ॲप सगळ्यांच्या फोनांत पोचलं.

शनिवारी सकाळी बोरीचा फोन आला. या खेपेला मामांनीच उचलला. मी स्वयंपाकघरात होते, तरी पाहुण्यांचा शब्द न् शब्द तिथवर आला.

"डाग गेला की हो!"

"मग! म्हणलो न्हवतो का मी?" मामा खुलले.

"काय म्हणलो न्हवतो? काल होता, आज न्हाई! डाग नसंलच तर गेला कुठून? पुसला म्हंजी होता! पाव्हणं, मी तुमाला सरळ माणूस समजत होतो."

मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. तेच जास्त वाईट. "सूनबाई, तुमाला जरा गप बसवत न्हाई का?"

ओसरीवरून आत्याबाई म्हणाल्या, "परवा सोमवार हाय."

रविवारी सकाळी मामांनी टेंपो बोलावला. "फोटू नको न् चित्र नको. जनावरच नेऊन उभं करतो त्याच्या दारात." गोऱ्हा टेंपोत चढेना. पुढून ओढला, मागून ढकलला, पेंड दाखवली. शेवटी मामांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो मुकाट वर चढला. काय सांगितलं ते मामांनी आजवर कबूल केलेलं नाही, पण माझ्या मते त्यांनी चिमट्याचं नाव घेतलं असणार.

मी लॅपटॉप आणि वायर घेऊन केबिनमध्ये बसले. वाटेत एक एसटी आमच्या बाजूने पुढे गेली, तर तिच्या खिडक्यांतून निम्मे लोक वाकून गोऱ्ह्याचं कपाळ बघत होते. बातमी आमच्या पुढं धावत होती.

बोरीला पोचलो तेव्हा पाहुण्यांच्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. उरलेलं अर्धं भिंतीवर बसलं होतं. पाहुणे उंच, किडकिडीत, पांढरा सदरा घातलेले. सदऱ्याचा खिसा जुन्या फोनांच्या मापाने शिवलेला, त्यामुळे नवा फोन त्यातून वीतभर बाहेर डोकावत होता.

त्यांनी नमस्कार-चमत्कार केला नाही. थेट गोऱ्ह्यासमोर जाऊन, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून कपाळ पाहिलं. मग मागं वळून म्हणाले, "ओलं फडकं आणा."

आमच्या बाजारांत जनावर रंगवून विकणारे महाभाग असतात. लाल केस हवे असतील तर मेंदी, काळे हवे असतील तर कलप. त्यामुळे घेणारा आधी घासून बघतो. पाहुण्यांनी आधी पाण्याने घासलं. मग साबण लावून घासलं. मग खोबरेल चोळलं. गोऱ्ह्याला आयुष्यात एवढं सुख कुणी दिलं नव्हतं. तो कपाळ पुढं करून करून आणखी चोळून घेत होता. दर वेळी पाहुणे फडकं उन्हात धरून बघायचे. लाल उतरला नाही, आणि लालाच्या खालून काळाही निघाला नाही.

"हं," पाहुणे म्हणाले. "रंग पक्का लावलाय."

"लावलाय?" मामा कडाडले. भिंतीवरचे दोघे खाली पडले. "आईच्या पोटातून आणलाय त्यानं! लावलाय म्हणं!"

आता दोन्ही तोफा समोरासमोर होत्या. मी मध्ये पडले.

"काका, तुमच्या गोठ्यात सगळ्यात जातिवंत गाय कोणती?"

हा प्रश्न कुठल्याही गोठेवाल्याला शांत करतो. पाहुण्यांची छाती फुगली. "ती काय, कोपऱ्यातली. तालुक्यात तशी दुसरी दाखवा."

"तिच्यावर काळा ठिपका?"

"जीभ झडंल, बाई, असं बोलू नका."

"मग तुमचा फोन द्या जरा."

मी त्यांच्याच फोनने त्या गाईच्या तोंडाचा फोटो काढला. फोन वायरने लॅपटॉपला जोडायचा तर आधी त्याच्यातलं एक आडवळणी कुलूप उघडावं लागतं. सेटिंगमध्ये खोल जाऊन एका ठरावीक ओळीवर सात टिचक्या मारायच्या. मी टिचक्या मारायला लागले तशी भिंतीवरची मंडळी मोठ्याने मोजू लागली. एक! दोन! तीन! सातव्याला एका म्हातारबुवांनी नकळत हात जोडले.

मग मी गोऱ्ह्याच्या जागी गाय घातली. मामांनी सांगितलं होतं अगदी तशीच. वर घेतली, मोठ्ठी केली, शिंगं बाहेर घालवली, कपाळ काठाला टेकवलं. तोवर चहा आला. मामांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"आता उघडा ॲप, काका."

पाहुण्यांनी उघडलं. दोन सेकंद. त्यांच्या हातातला चहा सदऱ्यावर सांडला. बोरीतल्या सगळ्यात जातिवंत गाईच्या कपाळावर, मधोमध, काळा कुळकुळीत, उडदाएवढा डाग.

ते पळत गोठ्यात गेले. गाईचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं. परत आले, पुन्हा ॲप उघडलं. डाग. पुन्हा गोठ्यात. पुन्हा फोन. अंगठा थुंकीने ओला करून पडदा पुसला. डाग तिथंच. चौथ्या फेरीला त्यांनी बोटाचं टोक हळूच त्या भोकावर ठेवलं, काढलं, ठेवलं, काढलं. मग मी त्यांना नुसतं पांढरं पान उघडून दिलं. त्या पांढऱ्या पानावरही तोच उडीद.

"हितं कॅमेरा हाय," पाहुणे पुटपुटले, जणू आत्ताच कुणीतरी तो तिथं आणून बसवला होता.

"पाव्हणं, आता तुमच्या गाईची जात काढू का मी?" मामांनी विचारलं. हळू आवाजात, म्हणजे भिंतीवरचं कुणी पडलं नाही.

गर्दीतून एक जण ओरडला, "बाई, मह्या बैलाचंबी एक काढा की, घरच्यांना भेव घालतो!" आणि सगळं अंगण हसलं. पाहुणेही हसले. आधी ओठांच्या कोपऱ्यातून, मग सदऱ्यावरचा चहा झटकत मोकळं. मग ते गोऱ्ह्यापाशी गेले आणि त्याच्या तेलाने चकाकणाऱ्या कपाळावर सबंध पंजा ठेवला.

"वळू म्हणूनच ऱ्हाईल मह्या गोठ्यात," ते म्हणाले. "चिमटा लावणार न्हाई. बोली पक्की."

मला वाटलं मामा आता आरोळी ठोकतील. मी कानात बोटं घालायच्या तयारीत होते. पण मामा पाहुण्यांना हळूच एकेक सांगायला लागले. कडबा बारीक करून घाला, सबंध धाटं टाकून देतो. पत्र्याच्या बादलीतलं पाणी पीत न्हाई, आवाजाला बिचकतो. डाव्या अंगानं जवळ जाऊ नका, उजव्या अंगानं गेलं की काही करत न्हाई. पाहुणे प्रत्येकाला मान हलवत होते. आमच्याकडे जनावर देतात, दावं देत नाहीत. मामांनी गळ्यातलं दावं सोडलं, घडी केली आणि काखेत धरलं. पाहुण्यांनी नवं दावं बांधलं.

येताना टेंपो रिकामा असल्यामुळे मागं नुसता खडखडत होता. मामा खिडकीशी, मी मध्ये, पलीकडे ड्रायव्हर. मामांनी वाढवलेल्या जित्राबाला बोरीचा गोठा मिळाला होता, सोमवारचा डॉक्टर टळला होता, आणि माझ्या डोक्यात विजयाचे ढोल वाजत होते. बोरीपासून सुरुवात करून मी मामांना चौदाच्या चौदा मापं समजावून सांगितली. पडवळाला कपाळ कुठं येतं, पोळपाटाला शिंगं किती दिसतात, भोक मधोमध असो की कोपऱ्यात, गोऱ्ह्याच्या केसालाही धक्का कसा लागत नाही. म्हटलं, उद्या कंपन्यांनी त्रिकोणी फोन काढू द्यात, आपला गोऱ्हा त्यातही बसेल. ड्रायव्हर दोनदा "वा" म्हणाला.

पेडगाव जवळ आलं. मी विचारलं, "मामा, एकच राहिलंय. घडीच्या फोनवर गोऱ्हा मधोमध ठेवू का जरा डावीकडं घेऊ? तुम्ही म्हणाल तसं करते."

मामा खिडकीतून बाहेर बघत होते.

"काढून टाका," ते म्हणाले. "इकलाय आता तो."